लंडनमधील आपली घरे

लंडनला जाणारा मनुष्य टॉवर, राजवाडा आणि ब्रिटिश म्युझियम पाहून येतो व कोहिनूर पाहिल्याचे चार घरी सांगतो. गतवर्षी भाचीच्या बाळंतपणासाठी मी तिकडे गेले, तेव्हा तेही पाहिले. पण त्या शहरी आपल्या माणसांच्याही खुणा आहेत. त्यांविषयी लिहा, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला.

व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालय फुकट पाहावयास मिळते. वाघनखे तेथलीच. १८१८ साली साताऱ्यास आलेला इंग्रज अधिकारी ग्रँट डफ याच्या घराण्यातून ती संग्रहालयास मिळाली. मी गेले तेव्हा ती तेथे नव्हती. २०२४ च्या जुलैत तीन वर्षांच्या मुदतीने ती साताऱ्यास आली! अफझलखानाच्या वेळची ती हीच, अशी खात्री मात्र ते संग्रहालयही देत नाही.

मेडा व्हेल भागात हाउली प्लेस येथे १० क्रमांकाच्या घरावर निळी गोल पाटी आहे. १९१८-१९ साली लोकमान्य टिळक तेथे राहत होते. चिरोलवर लावलेला बेअब्रूचा खटला ते हरले. हे घर रस्त्यावरूनच पाहावे लागते.

आत जाऊन पाहावे असे घर म्हणजे किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये येथे राहिले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. राहत्या वस्तीत संग्रहालय नको, अशी तक्रार झाली, तेथील नगरपालिकेनेही हरकत घेतली. अखेर २०२० साली परवानगी मिळाली. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपल्यामुळे बाबासाहेबांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले होते. मग मुंबईस प्राध्यापकी करून पैसे साठविले, शाहू महाराजांनी साह्य केले, आणि १९२० साली ते पुन्हा गेले. अर्धपोटी राहून दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचीत. बॅरिस्टर झाले, १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी.एस्सी. मिळाली. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, कॉलेज कोठले जवळ? १९५० साली याच गृहस्थांच्या संस्थेने औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरास, महाविद्यालय काढले, तेव्हा मराठवाड्यातील गरिबांच्या मुलांची सोय झाली.

मी सातवी शिकलेली बाई. त्या जिन्यावर मला परळची चाळ आठवली. साहेब विलायतेत असताना रमाबाई तेथे दोन खोल्यांत संसार ओढीत होत्या. पाच अपत्यांपैकी एकटा यशवंत जगला. लंडनच्या पाटीवर नाव एकट्या बाबासाहेबांचे आहे, आणि राहिले तेच, तेव्हा ते रीतसरच. रमाबाई १९३५ साली वारल्या. पुढे पाकिस्तानच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी जो मोठा ग्रंथ लिहिला, तो त्यांनी ‘रामू’च्या स्मृतीस अर्पण केला आहे.