पेशीद्रव्य, संकरित ज्वारी आणि धडगावचे स्थानिक वाण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
आनुवंशिकतेच्या इतिहासात केंद्रकाला प्राधान्य मिळाले आणि पेशीद्रव्य दुय्यम मानले गेले. महाराष्ट्रातील ज्वारीचा इतिहास मात्र पेशीद्रव्याचे महत्त्व ठळकपणे दाखवितो.

शास्त्रीय पार्श्वभूमी :
पेशीविभाजनात गुणसूत्रांची काटेकोर समान वाटणी होते. तंतुकणिका व हरितकणिका मात्र पेशीद्रव्यासोबत कन्यापेशींत जातात. फलनाच्या वेळी संततीला पेशीद्रव्य प्रामुख्याने बीजांडाकडून, म्हणजे मातेकडून मिळते. १९०९ मध्ये कार्ल कॉरेन्स यांनी गुलबक्षीच्या पानांच्या रंगावरून ही मातृवंशीय आनुवंशिकता दाखवून दिली.

संकरित ज्वारीचा उदय :
ज्वारीचे फूल द्विलिंगी व अतिशय लहान असल्याने हाताने पुंकेसर काढून व्यापारी प्रमाणावर संकरित बी तयार करणे अशक्यप्राय होते. १९५४ मध्ये अमेरिकेतील स्टीफन्स व हॉलंड यांनी मायलो ज्वारीचे पेशीद्रव्य व काफिर ज्वारीचे केंद्रक एकत्र आणले असता सक्षम परागकण तयार होत नाहीत, हे सिद्ध केले. या नरवंध्यत्वाच्या आधारे १९६४ मध्ये भारतात सी.एस.एच.-१ हा पहिला संकरित वाण प्रसारित झाला. 'हायब्रीड' हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत रुळला, त्यामागे पेशीद्रव्याचा हा गुणधर्म होता.

एकसारखेपणाचा धोका :
पुढील अनेक संकरित वाणही याच मायलो पेशीद्रव्यावर उभे राहिले. अशा एकसारखेपणाचा धोका १९७० मध्ये अमेरिकेतील मक्याने दाखविला. तेथील बहुतांश संकरित मक्यात 'टेक्सास' पेशीद्रव्य होते. त्यालाच विशेषत्वाने बाधणाऱ्या करपा रोगाने सुमारे १५ टक्के पीक नष्ट केले. दोष केंद्रकात नव्हे, तंतुकणिकेतील जनुकात होता.

धडगावचा संदर्भ :
सातपुड्यातील धडगाव (अक्राणी) परिसरात पावरा व भिल्ल शेतकऱ्यांनी ज्वारी व मक्याचे स्थानिक वाण पिढ्यान्‌पिढ्या जपले. बायफ संस्थेनेही स्थानिकांच्या सहभागातून त्यांच्या संवर्धनाचे काम केले आहे. या वाणांचे मोल केवळ चव, चारा किंवा काटकपणा यांपुरते मर्यादित नाही. केंद्रकातील जनुके परागाद्वारे दुसऱ्या वाणात नेता येतात. पेशीद्रव्य मात्र बियाण्याच्या मातृवंशातूनच पुढे जाते.

निष्कर्ष :
स्थानिक बियाणे नाहीसे झाले, की त्याचे पेशीद्रव्यही कायमचे लोप पावते. म्हणून कणगीत बियाणे राखणारा धडगावचा शेतकरी पीकविज्ञानाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा घटक ठरतो.