नक्कल नेमकी कुणाची करायची?

१९८२ साली मुंबईत एक लाँगप्ले ध्वनिमुद्रिका निघाली. तिचे नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षे वाजवणारे वादक. त्यांनी यमन, तोडी, मालकंस असे दहा राग रोलँड या जपानी कंपनीच्या तीन यंत्रांवर वाजवले होते. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीबी-३०३ हे खर्जातली धून वाजवणारे छोटेसे यंत्र आणि टीआर-८०८ हे तालयंत्र. त्या वेळी या तबकडीकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. २०१० साली ती नव्याने प्रसिद्ध झाली, तेव्हा मात्र परदेशातले जाणकार चकित झाले. कारण १९८७ साली शिकागोच्या तरुणांनी टीबी-३०३ वरच 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही ध्वनिमुद्रिका काढली आणि त्यातून 'अ‍ॅसिड हाउस' नावाचा संगीतप्रकार जगभर गेला. मुंबईतली तबकडी त्याच्याही पाच वर्षे आधीची होती.

आज हाच आवाज हवा असेल तर ही यंत्रे मिळवण्याची गरज उरलेली नाही. संगणकाच्या पडद्यावर तीच बटणे, तेच रंग दिसतात आणि आवाजही बराचसा तसाच येतो. हा आवाज कितपत खरा, हा प्रश्न बहुतेक वेळा खरेदीच्या अंगाने विचारला जातो. मला तो इतिहासाचा प्रश्न वाटतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले कितीतरी संगीत या यंत्रांवर घडले. यंत्रे मोजकीच आहेत आणि ती म्हातारी होत चालली आहेत. उद्याच्या पिढीच्या कानावर मूळ यंत्र क्वचितच पडेल, नक्कल मात्र रोज पडेल. म्हणून ही नक्कल नेमकी कशाची आहे, हे आपण आताच पाहून ठेवले पाहिजे.

आधी मूळ यंत्राकडे वळू. १९६४ साली अमेरिकेत रॉबर्ट मोग यांनी हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या सोबतीने असा सिंथेसायझर उभा केला, की ज्यात विजेच्या दाबाने स्वराची उंची ठरते. एक व्होल्ट वाढवला की स्वर एक सप्तक वर जातो. यात आकडेमोड कुठेच नाही. वीज स्वतःच कंप पावते आणि तो कंप ध्वनिवर्धकातून ऐकू येतो. या मूळ आवाजात तीव्र स्वरांशांची गर्दी असते. ती छाटायला मोग यांनी ट्रान्झिस्टरच्या जोड्या एकावर एक रचून शिडीसारखा फिल्टर बनवला. त्यांच्या यंत्राचा मऊ, भरदार आवाज म्हणून जो ओळखला जातो, तो बराचसा या शिडीचा. १९६८ साली वेंडी कार्लोस यांनी बाखचे संगीत या यंत्रावर वाजवून ते घराघरांत नेले. पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मोग यंत्राचा स्टुडिओ उभारून दिला. १९७० साली मिनीमोग हे उचलून नेता येईल असे वाद्य आले.

या यंत्रांचा मोठा शत्रू म्हणजे ऊन आणि गारठा. विजेच्या दाबाचे स्वरात रूपांतर करणारा ट्रान्झिस्टर तापमानाला फार हळवा असतो. एक अंश तापमान बदलले, तर प्रत्येक सप्तकामागे सुमारे ४ सेंटचा फरक पडतो. सेंट म्हणजे पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. दिव्यांच्या झोतात यंत्र १० अंशांनी तापले, तर सप्तक सुमारे ४० सेंटने आकसते. आपल्या श्रोत्याला हे बेसूर आहे हे सांगावे लागणार नाही. हा दोष झाकण्यासाठी तापमानाबरोबर बदलणारे खास रोधक घालत, तरी थोडी चलबिचल राहायचीच. १९७८ साली डेव्ह स्मिथ यांच्या प्रॉफेट-५ मध्ये मायक्रोप्रोसेसर आला आणि बटण दाबताच यंत्र स्वतःला सुरात लावून घेऊ लागले.

आता गंमत पाहा. ज्या यंत्रांची आज इतकी नक्कल होते, त्यातली काही मुळात स्वतःच नक्कल होती. टीबी-३०३ हे बास गिटार वाजवणाऱ्याची जागा भरून काढण्यासाठी केलेले यंत्र, आणि टीआर-८०८ ड्रमवाल्याची. दोघेही आपल्या कामात सपशेल नापास झाले. ३०३ गिटारसारखे वाजत नव्हते, ८०८ ची झांज झांजेसारखी नव्हती. ८०८ चे उत्पादन १९८० ते १९८३ एवढेच चालले आणि सुमारे १२,००० यंत्रे विकली गेली. रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी पुढे सांगितले, की त्या विशिष्ट सळसळीसाठी त्यांनी कारखान्याने नापास केलेले, सदोष ट्रान्झिस्टर मुद्दाम विकत घेतले होते. ट्रान्झिस्टर बनवण्याची कला सुधारली, नापास माल मिळेना आणि यंत्र बंद करावे लागले. १९८३ साली यामाहाचा डीएक्स-७ हा आकड्यांवर चालणारा स्वच्छ आवाजाचा सिंथेसायझर आला आणि अ‍ॅनालॉग यंत्रांचा भाव उतरला. ती जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली, म्हणूनच ती शिकागोतल्या बेताच्या ऐपतीच्या मुलांच्या हाती लागली. त्यांना गिटारची नक्कल नकोच होती. त्यांना तो फसलेला आवाजच आवडला.

असा फसलेला आवाज आकड्यांत पकडायचा, तर अडचणी कोणत्या? १९९५ साली स्वीडनच्या क्लाव्हिया कंपनीने नॉर्ड लीड हे लाल रंगाचे वाद्य आणले आणि 'व्हर्च्युअल अ‍ॅनालॉग' हा शब्द रूढ झाला. १९९७ साली स्वीडनमधूनच प्रॉपेलरहेड कंपनीचे रीबर्थ हे सॉफ्टवेअर आले. त्यात पडद्यावर दोन टीबी-३०३ आणि एक टीआर-८०८ होते. त्या वेळी ही जादूच वाटली. पण सराईत कान लगेच म्हणाले, की आवाज काचेसारखा आहे, त्याला अंग नाही.

त्याची कारणे मोजता येण्यासारखी होती. पहिले असे. संगणक ध्वनीची मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा करतो, त्यामुळे २२,०५० कंपांपलीकडचे काही त्याला धरता येत नाही. समजा, ३,००० कंपांचा एक कर्कश स्वर आहे. त्याचा आठवा स्वरांश २४,००० कंपांचा. तो मर्यादेबाहेर गेला म्हणून नाहीसा होत नाही, आरशात पडावा तसा उलटून २०,१०० वर येतो. नववा येतो १७,१०० वर. या आकड्यांचे मूळ स्वराशी काही नाते नसते. सुरेल आवाजाखाली ही परकी कुजबुज चालू राहते.

दुसरे कारण फिल्टरचे. फिल्टरमधून बाहेर पडलेला आवाज थोडा पुन्हा त्याच्याच तोंडाशी आणून सोडतात, त्यामुळे तो शीळ घातल्यासारखा घुमतो. तारेतून हे तत्क्षणी घडते. संगणक मात्र एकेक पाऊल टाकत जातो. आत्ताचे उत्तर काढायला त्याला मागच्या पावलाचे उत्तर वापरावे लागते. एवढ्याशा उशिराने घुमण्याची जागा सरकते. १९९६ साली टिम स्टिल्सन आणि ज्युलियस स्मिथ यांनी मोगच्या फिल्टरचे या दृष्टीने विश्लेषण केले. तिसरे कारण म्हणजे ट्रान्झिस्टरची मर्यादा. त्याच्यावर जास्त जोर लादला की आवाजाचे टोक हळूच दबते आणि त्याला एक जाडी येते. मिनीमोगच्या आवाजात या दबण्याचा मोठा वाटा आहे. २००४ साली अँटी हुओविलाइनेन यांनी शिडीच्या प्रत्येक पायरीवरचे हे दबणे गणितात आणले.

मला यातला महत्त्वाचा बदल वेगळाच वाटतो. सुरुवातीचे सॉफ्टवेअर आवाजाची नक्कल करत होते. पुढच्या लोकांनी आवाज बाजूला ठेवून यंत्राच्या जोडणीचीच नक्कल सुरू केली. प्रत्येक पावलाला सगळ्या मंडलाची समीकरणे सोडवायची, मग आवाज आपोआप येईल. बर्लिनच्या यू-ही कंपनीचे दिवा हे सॉफ्टवेअर याच मार्गाने गेले. ते संगणकाला घाम फोडी, पण आवाजाला अंग आले. २०१४ पासून खुद्द रोलँडनेही आपल्या जुन्या यंत्रांच्या मंडलांची अशीच प्रतिकृती विकायला सुरुवात केली.

एक साधे उदाहरण देतो. टीबी-३०३ एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाते, तेव्हा आत एक कपॅसिटर रोधकातून भरत असतो. म्हणून स्वर आधी झपकन निघतो आणि मुक्कामाजवळ येताना संथ होतो. संगणकात तोच स्वर सरळ रेषेत चढवला, तर दोन्ही टोके बरोबर असूनही मधला प्रवास खोटा वाटतो. मींड ऐकणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. दोन स्वर सगळ्यांचे सारखेच असतात, वाट ज्याची त्याची.

मग आज नक्कल कितपत साधली आहे? अशा जोड्या मी कान देऊन ऐकल्या आहेत. साधा, संथ आवाज, त्यात इतर वाद्यांची साथ, अशा वेळी मला फरक सांगता येत नाही आणि तो सांगतो म्हणणाऱ्यावर माझा फारसा विश्वास नाही. फिल्टर शिट्टीच्या टोकाला नेला किंवा यंत्रावर अतोनात जोर दिला, तर पूर्वी नक्कल हमखास उघडी पडायची. आता तिथेही चांगल्या सॉफ्टवेअरचे अंतर इतके कमी झाले आहे, की एकाच कारखान्याच्या दोन मूळ यंत्रांत कधी कधी त्याहून जास्त फरक निघतो.

खरी गोम इथेच आहे. मूळ यंत्र म्हणजे कोणते? प्रॉफेट-५ हे नाव एक, पण १९७८ च्या पहिल्या यंत्रांत एका कंपनीच्या चिप होत्या आणि १९८० पासूनच्या यंत्रांत दुसऱ्या. वादक त्यांचे आवाज वेगळे ओळखतात. शिवाय सुटे भाग कधीच तंतोतंत सारखे नसतात. चाळीस-पन्नास वर्षांत कपॅसिटर सुकतात. सॉफ्टवेअर करणारा माणूस हाती लागलेली एक-दोन यंत्रे मोजतो. त्या यंत्राचे वार्धक्य त्याच्या गणितात उतरते आणि पुढच्या पिढीसाठी तेच प्रमाण होऊन बसते. मिरजेच्या एखाद्या तंबोऱ्याची झिजलेली जवारी ऐकून कुणी 'मिरजेचे तंबोरे असे बोलतात' असे लिहून ठेवावे, तसे हे आहे. २०२० साली डेव्ह स्मिथ यांनी प्रॉफेट-५ पुन्हा बाजारात आणला, तेव्हा त्यात दोन्ही जातींचे फिल्टर दिले आणि 'व्हिंटेज' नावाची एक कळ बसवली. ती फिरवली की यंत्र जुन्यासारखे डळमळू लागते. जो दोष काढण्यासाठी या माणसाने १९७८ साली मायक्रोप्रोसेसर घातला, तोच त्याला ४२ वर्षांनी कळ लावून परत द्यावा लागला.

जतनाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. आपण समजतो की यंत्र मरते आणि सॉफ्टवेअर टिकते. अनुभव उलटा आहे. रीबर्थ २००५ साली बंद झाले. २०१० साली ते आयपॅडसाठी पुन्हा आले आणि २०१७ साली रोलँडने हक्कांचा मुद्दा काढल्यावर मागे घेतले गेले. २०१९ साली अ‍ॅपलच्या संगणकांनी ३२ बिटची जुनी सॉफ्टवेअर चालवणे थांबवले, त्याबरोबर कितीतरी नकली वाद्ये एका रात्रीत मुकी झाली. उलट १९७१ चे मिनीमोग आजही कारागीर डाग देऊन, चार सुटे भाग बदलून बोलते करतो. जुन्या सिंथेसायझरमधली सीईएम-३३४० ही दुर्मीळ झालेली चिपसुद्धा २०१६ साली पुन्हा बनू लागली.

तेव्हा सॉफ्टवेअरला खोटे म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. लाखाचे यंत्र ज्याला परवडत नाही, त्या मुलाच्या हाती ते आवाज पोचले, ही मोठी गोष्ट आहे. पण नक्कल म्हणजे जतन नव्हे. जतन करायचे तर मंडलांचे मूळ आराखडे हवेत, एकाहून अधिक यंत्रांची मोजमापे हवीत, आणि ती यंत्रे नवी असताना त्यांवर वाजवलेल्या ध्वनिफिती हव्यात. अहमदाबादच्या त्या स्टुडिओत १९६९ ते १९७२ या काळात गीता साराभाई आणि इतरांनी केलेले काम अनेक दशके विस्मरणात होते. संस्थेत ध्वनिफिती शिल्लक होत्या, म्हणून २०२३ साली ते संगीत प्रसिद्ध होऊ शकले. ते यंत्र तरुणपणी कसे बोलत होते, याची साक्ष कोणतेही सॉफ्टवेअर देणार नाही, त्या फिती देतात. मुंबईच्या स्टुडिओंतून आणि जुन्या वादकांच्या घरांतून अशा फिती अजूनही कपाटांत पडून असतील. दमट हवेत त्या फार काळ टिकत नाहीत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्या रद्दीत टाकण्यापूर्वी एकदा कुणा जाणत्याला दाखवाव्यात.