तंजावरचा बँड: राज्य गेलं, वाद्यं राहिली

बँड म्हटलं की आज गिटार आणि ड्रम आठवतात. पण मराठी राजाच्या पदरीही बँड होता, तंजावरला.

दुसरे सरफोजी राजे गादीवर होते १७९८ ते १८३२. त्यांच्या राजवाड्यात युरोपीय वाद्यांचा बँड वाजे. सरस्वती महाल ग्रंथालयात पाश्चात्त्य संगीताची स्वरलिपी आजही आहे.

१८५५ मध्ये राजे शिवाजी वारले. मुलगा नव्हता, कंपनीने राज्य खालसा केलं. आता वाजवायचं कुणासाठी?

पण ही वाद्यं एव्हाना दरबाराबाहेर पोचू लागली होती. तंजावरच्या चार नटुवनार भावांपैकी वडिवेलू व्हायोलिन वाजवत. १८३४ मध्ये त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळांनी त्यांना हस्तिदंती व्हायोलिन दिलं. पुढे सदिर नाचाच्या साथीत मुखवीणेची जागा क्लॅरिनेटने घेतली. याच भावांच्या वंशजांनी पंदनल्लूर गाव नाचासाठी नावारूपाला आणलं.

विसाव्या शतकातल्या बालसरस्वतींचं घराणं मूळ तंजावर दरबारातलं. त्यांच्याही साथीला क्लॅरिनेट असे. तेव्हा भरतनाट्यमच्या जुन्या फोटोत ते दिसलं, तर परकं समजू नका. राजाश्रय संपल्यावरही त्याला ऐकणारे मिळाले, म्हणून ते टिकलं.