शिवजन्माची तिथी आणि तीन साक्षी

इतिहासात प्रमाण कोणाचे मानावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. अधिकारी पुरुषाने एखादी गोष्ट सांगितली, पुढे अनेक पिढ्यांनी ती मानली आणि तिच्यावर उत्सव उभे राहिले, म्हणजे ती सत्य ठरते काय? या प्रश्नाचा कस पाहावा असे एक उदाहरण मराठ्यांच्याच इतिहासात आहे. आणि तेही एखाद्या किरकोळ प्रसंगाचे नव्हे, तर खुद्द छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचे.

एकोणिसाव्या शतकात महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे इ. स. १६२७ मध्ये झाला असे सर्वत्र मानले जाई. या समजुतीला दोन भक्कम खांब होते. एक मल्हार रामराव चिटणीसांची बखर. हे चिटणीस महाराजांच्या पदरच्या बाळाजी आवजींच्या घराण्यातील; त्यांच्या शब्दाला घराण्याचा मान होता. दुसरा खांब ग्रँट डफचा १८२६ सालचा इतिहास. डफ हा साताऱ्यास कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता. त्याच्या शब्दाला राज्यकर्त्याचे वजन होते. त्यानेही १६२७ हेच वर्ष दिले. घराणे आणि सरकार यांचे एकमत झाल्यावर शंका घेणार कोण?

तथापि या दोन्ही खांबांच्या पायाकडे पाहिले असता निराळेच दिसते. चिटणीसांनी बखर लिहिली ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे महाराजांच्या जन्मानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी. उलट राजाराम महाराजांच्या काळात जिंजीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत जन्मतिथी मुळीच नाही. जो काळाने जवळ तो मौन पाळतो आणि जो दूर तो खात्रीने बोलतो, अशी ही स्थिती होती. शिवाय बखरींचा आपापसांतही मेळ बसत नव्हता.

ही उणीव ज्यांना जाणवली त्यांत लोकमान्य टिळक होते, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. १८९६ साली रायगडावरील शिवोत्सवाला ज्यांनी चालना दिली, त्यांनीच जन्मतिथीचा प्रश्न अनिर्णीत असल्याचे १९०० साली ‘केसरी’त मांडले. उत्सवाच्या प्रवर्तकाने उत्सवाच्या विषयाबद्दल शंका बोलून दाखवावी, याला धैर्य लागते. पुढे भोरजवळील कारी येथील जेधे देशमुखांच्या दप्तरातील एक शकावली त्यांच्या हाती आली आणि १९१६ साली ती भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत प्रसिद्ध झाली. शकावली म्हणजे सालवार घेतलेल्या रुक्ष नोंदी. तिच्यात शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेस, शुक्रवारी, शिवनेरीवर महाराजांचा जन्म झाल्याची नोंद आहे. इंग्रजी गणनेने तो दिवस १९ फेब्रुवारी १६३० असा येतो. आणि गणित करून पाहता त्या दिवशी शुक्रवारच होता.

परंतु टिळकांनी पुढे केली म्हणून ही तिथी मान्य करणे म्हणजे एका बाबावाक्याच्या जागी दुसरे बसवणे झाले असते. खरी कसोटी पुढे लागली. कवींद्र परमानंद हे महाराजांच्या आश्रयाचे कवी. त्यांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्याची पोथी दूर तंजावरास, भोसल्यांच्या दुसऱ्या शाखेच्या राजधानीत, टिकून राहिली होती. सदाशिव महादेव दिवेकर यांनी ती १९२७ साली प्रकाशात आणली. तिच्यातही शके १५५१ आणि फाल्गुन वद्य तृतीया हीच तिथी आहे. राजस्थानात जोधपूरच्या एका जुन्या कुंडलीसंग्रहातून तिसरी पुष्टी मिळाली. मावळातला देशमुख, तंजावरची पोथी आणि मारवाडातला ज्योतिषी यांनी संगनमत केले असेल, असे कोणता न्यायाधीश म्हणेल?

योगायोग असा की, ज्या १९२७ साली ‘शिवभारत’ छापले गेले, त्याच वर्षी मे महिन्यात जुन्या तिथीप्रमाणे शिवजन्माची त्रिशताब्दी थाटाने साजरी झाली. बडोदे संस्थानच्या सेवेत हयात घालवलेले रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्या प्रसंगाचा स्मारकग्रंथ संपादिला. एकीकडे तीनशे वर्षे पूर्ण झाल्याचा सोहळा आणि दुसरीकडे ती अद्याप पूर्ण व्हायची आहेत असे सांगणारी पोथी!

तीन वर्षांच्या फरकाने महाराजांच्या थोरवीत काय उणे-अधिक होते, असे कोणी विचारील. थोरवीत काहीच नाही; पण इतिहासाच्या आकलनात पुष्कळ. लखुजी जाधवांचा निजामशाही दरबारात खून झाला तो जुलै १६२९ मध्ये. १६३० ची तिथी स्वीकारली की, पित्याच्या वधानंतर सातच महिन्यांनी आणि दख्खनच्या भीषण दुष्काळाच्या तोंडावर जिजाबाईंनी या पुत्राला जन्म दिला, हे चित्र उभे राहते. शहाजीराजांचा पाठलाग करीत आलेले लखुजी आणि गर्भभाराने अवघडलेली त्यांची कन्या यांच्या भेटीची बखरीतील हृद्य कथा मात्र मग टिकत नाही. तोरण्याच्या सुमारास महाराजांचे वयही अठरा-एकोणीस नव्हे, तर पंधरा-सोळा ठरते.

शासनाचा निर्णय सर्वांत शेवटी आला. १९६६ साली महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या इतिहासज्ञांच्या समितीत एकमत झाले नाही, आणि शासनदरबारी जुनी तिथीच चालू राहिली. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शासनाने मान्य केली ती एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. शकावली छापली जाऊन तेव्हा आठ दशके उलटली होती. शासनाच्या निर्णयाने सुट्टीचा दिवस बदलला. जन्माचा दिवस होता तिथेच होता.

काळ सत्य उघड करतो असे म्हणण्याची रीत आहे. पण काळाने चिटणीसांची चूकही तितक्याच निष्ठेने जपली होती. काळ फक्त कागद राखतो, आणि तेही सगळे नव्हेत. ते उघडणारा, एकमेकांशी ताडून पाहणारा आणि आपल्याच उत्सवाची तिथी चुकीची असू शकेल हे मान्य करणारा माणूस भेटला, तरच त्या कागदांना वाचा फुटते. कारीच्या दप्तरातील त्या ओळीने अशा माणसाची दोनशे वर्षांहून अधिक काळ वाट पाहिली.