वारसा वृक्ष : वयोमापन व जतन

वारसा वृक्ष : दीर्घायुष्यामुळे जतनयोग्य ठरलेले झाड. महाराष्ट्रात २०२१ च्या कायदादुरुस्तीनुसार नागरी भागातील ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाचे झाड या संज्ञेत येते. ते तोडल्यास त्याच्या वयाइतकी झाडे लावावी लागतात. म्हणून वयाचा अंदाज महत्त्वाचा ठरतो.

वयोमापन : सागाच्या खोडात वार्षिक वलये स्पष्ट असतात, पोकळ गिरमिटाने बारीक गाभा काढून ती मोजतात. वडात वलये भरवशाची नसतात, तर जुन्या गोरखचिंचेचे खोड बहुधा पोकळ असते. अशा वेळी छातीच्या उंचीवरील (१.३७ मी.) घेर, त्या जातीच्या वाढीचा वेग, जुने नकाशे व छायाचित्रे यांचा आधार घेतात. किरणोत्सर्गी कार्बन पद्धतीही उपयोगी पडते.

जतन : बुंध्याभोवतीचे काँक्रीट मुळांचे पाणी व हवा तोडते, ते हटवून माती मोकळी ठेवावी. खिळे ठोकू नयेत, जड फांद्यांना टेकू द्यावेत, पारंब्या छाटू नयेत. हावड्यातील शिबपूर वनस्पती उद्यानातील महावटाचे बुरशीग्रस्त मूळ खोड १९२५ मध्ये काढावे लागले. खांबांसारख्या पारंब्यांवर तो आजही विस्तारतो आहे.