डोंगरवाटेची सायकल

पौड मागें टाकून कोळवणकडे वळलें म्हणजे वाळकी नदीचें खोरें लागतें. मध्यें भातखाचरें, दोहों बाजूंस डोंगर, आणि पलीकडे तिकोना किल्ल्याचा त्रिकोणी माथा. येथवर येणारा पक्का रस्ता कोणत्याही सायकलीस चालतो. तो सोडून बैलगाडीच्या चाकोरीस लागणाऱ्यास मात्र शहरांतली सायकल लवकरच दगा देते. दुकानांत पाय ठेवण्यापूर्वीं हा दगा नेमका कोठें होतो, हें ओळखलें पाहिजे. आणि तें ओळखावयाचें तर डोंगरी सायकलीची जन्मकथा ठाऊक असलेली बरी.

पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून नांवाजलेलें होतें. तेव्हांची सायकल अठ्ठावीस इंची चाकांची, सळईच्या ब्रेकची आणि एकाच गियरची. तिला कमी लेखण्याचें कारण नाहीं. सन १९२३ मध्यें मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, आणि त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ मध्यें परतले. हा पराक्रम यंत्रापेक्षां मांड्यांचा अधिक होता, हें मात्र विसरतां कामा नये!

डोंगराकरितांच घडविलेली सायकल अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील मरीन परगण्यांत जन्मली. तेथील कांहीं तरुण १९३० नंतरच्या दशकांतील जाड टायरांच्या जुन्या, बोजड सायकली मिळवून डोंगरावरून खालीं सोडीत. १९७६ मध्यें फेअरफॅक्स गांवाजवळच्या एका उतारावर त्यांनीं शर्यत सुरू केली. पायडल उलट दाबलें कीं लागणारा ब्रेक मागील चाकाच्या तुंब्यांत असे. त्या उतारावर तो इतका तापे कीं आंतील ग्रीस जळून धूर निघे, आणि तळाशीं पोंचल्यावर तुंबा उघडून नवें ग्रीस भरावें लागे. इंग्रजींत या पुन्हां भरण्यास ‘रीपॅक’ म्हणतात. शर्यतीचें नांवही तेंच पडलें. पुढें १९७७ मध्यें ज्यो ब्रीझ यानें या कामासाठीं नवा सांगाडा बांधला. टॉम रिची याच्या सांगाड्यांवर गॅरी फिशर व चार्ली केली यांनीं १९७९ मध्यें विक्रीचा धंदा मांडला, आणि १९८१ पासून कारखान्यांतून अशा सायकली निघूं लागल्या. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्यें या खेळास स्थान मिळालें.

या इतिहासांत ब्रेकची अडचण आरंभींच आली, हें गिऱ्हाइकानें ध्यानांत ठेवावें. दुकानांत मुलांचे डोळे प्रथम पुढच्या-मागच्या स्प्रिंगांवर जातात, आणि वडीलही त्यांसच भुलतात. स्वस्त सायकलीवरील अशा स्प्रिंगा नुसतें ओझें वाढवितात व चढावर पायांचें बळ खातात. कोळवणच्या वाटांसाठीं मागची बाजू ताठ आणि पुढच्या चिमट्यांत बेताचें सस्पेन्शन असलें म्हणजे पुष्कळ झालें. वांचलेला पैसा चांगल्या डिस्क ब्रेकवर खर्चावा. ओल्या उतारावर गांठ जिवाशीं असते.

गियरांची संख्या विचारण्यापेक्षां दाते मोजावे. पुढच्या चक्रास ४४ व मागच्यास १८ दाते असलेली अठ्ठावीस इंची सायकल पायडलाच्या एका फेऱ्यांत पांच मीटरांहून अधिक जाते. चढावर तें पेलत नाहीं. पुढें २२ व मागें ३४ दाते असले, तर सव्वीस इंची चाक एका फेऱ्यांत जेमतेम सव्वा मीटरावर थोडें सरकतें, आणि स्वार खालीं न उतरतां चढून जातो. सांगाड्यावर दोन्ही पाय टाकून उभें राहिल्यास मधली नळी अंगास लागतां नये. टायर आणि सांगाडा यांत बोटभर तरी फट हवी, नाहींतर पावसाळ्यांत खाचरांकडेचा चिखल चाक जखडून टाकतो. शिरस्त्राण, पंप, जादा ट्यूब, पंक्चरचें सामान आणि साखळी जोडण्याचें हत्यार यांवांचून खोऱ्यांत उतरणें म्हणजे सायकल खांद्यावर घेऊन परत येण्याची तयारी करणें होय.

पुण्याहून सायकल मोटारींतून नेणें सोयीचें पडतें. पुढचें चाक खिळीच्या एका झटक्यानें निघतें. ही युक्ति इटलीच्या तुल्यो कांपान्योलो याची, १९३० च्या सुमाराची. चाक काढल्यावर तेलाच्या दाबावर चालणाऱ्या डिस्क ब्रेकची मूठ चुकूनही दाबूं नये, कारण दाबल्यास ब्रेकचे गुटके एकमेकांस भिडतात व चाक पुन्हां आंत जात नाहीं. त्यांच्यामध्यें पुठ्ठ्याची जाड घडी सरकवून ठेवावी. सायकल आडवी ठेवतांना साखळीची बाजू वर असावी, म्हणजे गियर बदलणारा नाजूक हात वांकत नाहीं. मोटारीच्या मागें टांगल्यास दिवे व नंबराची पाटी झांकली जाणार नाहींत, हें पाहावें. परततांना चिखल वाळण्यापूर्वीं बादलीभर पाण्यानें धुवावा, आणि साखळी पुसून कोरडी केल्यावरच तिला तेल द्यावें.