दोन पेपर, एक गाव

आमच्या घरी रोज सकाळी दोन पेपर येतात. एक मराठी, एक कन्नड. १९८४ साली लग्न होऊन मी शिरोळकडून बेळगावला आले, तेव्हापासून हे असंच चालू आहे. मराठी पेपर सासऱ्यांचा आणि कन्नड पेपर अव्वांचा, म्हणजे माझ्या आजेसासूबाईंचा. घरात मराठी, अव्वांशी कन्नड, बस्तीत दोन्ही. आम्हा जैनांच्या कितीतरी घरांत हे असंच असतं, त्यात कुणाला नवल वाटत नाही.

नवल मला वाटलं ते त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरनंतर. दुसऱ्या दिवशी मराठी पेपरात काळा दिवस, मूक फेरी, कडकडीत बंद. कन्नड पेपरात राज्योत्सव, लाल-पिवळे झेंडे, मिरवणूक. गाव एकच, दिवस एकच. मी नवी सून, भीत भीत विचारलं, "अव्वा, काल गावात नक्की झालं तरी काय हो?" अव्वा हसून म्हणाल्या, "पेपरात काय शोधालीस? कोपऱ्यावरच्या भाजीवालीला विचार की!"

तेव्हा ते गमतीवारी नेलं. पण पुढं चाळीस वर्षं दोन्ही पेपर वाचत गेले, तसं अव्वांच्या बोलण्यातलं शहाणपण कळत गेलं.

आधी थोडा इतिहास सांगते. बेळगाव जिल्हा पूर्वी मुंबई राज्यात होता. १९४६ साली याच गावात माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव इथेच झाला. त्याआधी १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं काँग्रेस अधिवेशनही इथलंच, आणि कन्नड एकीकरणवाल्यांनाही त्याचा तेवढाच अभिमान. म्हणजे दोन्ही स्वप्नं याच मातीत रुजली. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यं झाली. चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला आणि बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. तिथून वाद पेटला. १९६० मध्ये दोन्ही राज्यांच्या चार माणसांची समिती नेमली, पण तिचं एकमत झालं नाही.

१९६६ साली सेनापती बापट उपोषणाला बसले. वयाची पंचाऐंशी ओलांडलेला तो माणूस, कसली सत्ता नको, कसलं पद नको. त्यानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्रानं माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला. आयोग हवा हा आग्रह महाराष्ट्राचा होता. म्हैसूरचं म्हणणं होतं, आहे ते ठीक आहे. ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला आणि सगळं उलटं झालं. ज्यांनी आयोग मागितला ते म्हणाले, अहवाल मान्य नाही. ज्यांना आयोग नको होता ते म्हणाले, अहवाल म्हणजे शेवटचा शब्द!

महाराष्ट्राची नाराजी बिनकारणाची नव्हती. खेडं हा घटक धरा, लागून असलेला प्रदेश बघा, भाषेचं बहुमत बघा, लोकांची इच्छा विचारा, अशी त्यांची मागणी होती. ८१४ गावं मागितली होती. आयोगानं ते सूत्र मानलं नाही आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवलं. घाव इथे बसला.

पण मैत्रिणींनो, त्या अहवालात आणखीही काही होतं. निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत असं त्यात आहे. आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागातली धरून २४७ गावं म्हैसूरला द्यावीत असंही आहे. केरळातलं कासरगोडसुद्धा म्हैसूरला द्या म्हटलंय. "महाजनच अंतिम" म्हणणाऱ्या आमच्या कन्नड पेपरानं, मग निपाणी सोडावी लागेल हे मला कधी ठळक अक्षरांत सांगितलं नाही. "महाजन नामंजूर" म्हणणाऱ्या मराठी पेपरानं, त्यात निपाणी आपल्याला दिली होती हेही सांगितलं नाही. दोघांनी खोटं छापलं असं मी म्हणत नाही. दोघांनी आपापल्या वाचकाला आवडेल तो अर्धा भाग छापला. वाचणाऱ्याला वाटलं, सगळी बातमी वाचली.

१९८६ साली कन्नड सक्तीविरुद्ध आंदोलन झालं. जूनमध्ये गोळीबार झाला, नऊ जण गेले. हिंडलग्याला त्यांचं स्मारक आहे, दरवर्षी १ जूनला तिथं फुलं वाहतात. त्या दिवसांत मुंबईहून पुढारी आले, वेष बदलून आले, त्यांचे फोटो छापून आले, नावं झाली. ते परत गेले आणि पुढं मोठ्या पदांवर बसले. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरातल्या बाईचं पुढं काय झालं, हे दोन्ही पेपरांत मी शोधत राहिले. मला सापडलं नाही.

२००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. इकडं २०१२ साली बेळगावात सुवर्ण विधानसौध उभी राहिली. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून गावाचं नाव सरकारी कागदावर बेळगावी झालं. निवडणूक आली की "या वेळी शेवटचा लढा" हे वाक्य यायचं. माझ्या सासऱ्यांनी ते इतक्या वेळा ऐकलं की शेवटी शेवटी ते नुसतं "हं" म्हणायचे. ज्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार एके काळी इथून हमखास निवडून यायचे, तिचा २०१८ मध्ये एकही आला नाही आणि २०२३ मध्येही नाही. काही जण म्हणतात लोक मराठी विसरले. मला तसं वाटत नाही. लोक दमले. समितीतले गट आपसात भांडले, आणि मुंबईवाल्यांना बेळगाव आठवतं ते अधिवेशनाच्या दिवसांत.

डिसेंबर २०२२ चंच बघा. २२ तारखेला कर्नाटक विधिमंडळानं ठराव केला, एक इंचही देणार नाही. २७ तारखेला महाराष्ट्रानं केला, ८६५ गावांचा इंच न् इंच घेणार. दोन्ही ठराव एकमतानं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष दोन्हीकडं हात वर करून बसले! पण मतमोजणीला असं एकमत झालं म्हणजे प्रश्न सुटला असं थोडंच आहे? त्याच महिन्यात दोन्हीकडच्या बसना काळं फासलं आणि गाड्या नाक्यापर्यंतच येऊ लागल्या. माझी वहिनी तेव्हा कोल्हापुरात दवाखान्यात होती. हातात डबा आणि पिशवी घेऊन मी नाका चालत ओलांडला. माझ्यासारख्या आणखी सात-आठ बायका होत्या. कुणी कन्नड बोलत होती, कुणी मराठी. एकीचं बाळंतपणाचं काम, एकीची वर्षश्राद्धाची घाई. सासर या बाजूला, माहेर त्या बाजूला. आमचं मत कुणीच विचारलं नव्हतं.

दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ साली स्तवनिधीला स्थापन झाली. नावात महाराष्ट्र, आणि स्तवनिधी आज कर्नाटकात. तरी यात्रा दोन्हीकडच्या लोकांनी भरते. अनेकान्त आपण पाठशाळेत पाठ करतो. पेपर उघडताना मात्र तो कपाटात ठेवून येतो.

परवा महिला मंडळात मी सहज विचारलं, महाजन अहवालात निपाणी कुणाला दिली होती? वीस जणी होतो. कुणालाच सांगता येईना. निपाणीचं माहेर असलेल्या एका अक्कांना मी ते सांगितलं, तर त्या गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "आमच्या वडिलांनी यासाठी तुरुंग भोगला की गं. त्यांनीसुद्धा हे कधी सांगितलं नाही." थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "त्यांना तरी कुणी सांगितलं असेल काय?"

पुढच्या महिन्यात आम्ही त्या अहवालाचं वाचन ठेवलंय. एक जण मराठीतून सांगणार, एक जण कन्नडमधून. अक्का म्हणाल्यात, मी पहिल्या रांगेत बसणार.